दीर्घिकेचा ताळेबंद आणि सस्पेन्स खातं

मध्यंतरी कोथरूडला एका छोट्या व्याख्यानानंतर बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. प्रश्न त्यांनी वहीच्या पानावर लिहूनच आणला होता. तो असा: "दीर्घिकेला एक फेरी पूर्ण करायला वीस-पंचवीस कोटी वर्षं लागतात म्हणता. म्हणजे ती फिरताना कुणी पाहिलेली नाही, पाहणारही नाही. तरी तुम्ही तिचा वेग सांगता, वेगावरून वस्तुमान सांगता, वर ते वस्तुमान कुठे किती पसरलंय तेही सांगता. कसं? आणि हिशोब जुळला नाही की 'डार्क मॅटर' म्हणून मोकळे होता. आमच्याकडे याला सस्पेन्स खातं म्हणायचे. तेच ना हे?" जिन्यात उभ्याउभ्या मी जे काही बोललो ते माझं मलाच पटलं नाही. दीर्घिकांमधल्या (म्हणजे गॅलेक्सींमधल्या) हायड्रोजनच्या नोंदी उलगडण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. निदान मी तरी हा प्रश्न जिन्यात उरकायला नको होता. म्हणून हे लांबलचक उत्तर.

काका, सस्पेन्स खातं हा शब्द मला आवडला. तो मी सोडणार नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तुमच्या सस्पेन्स खात्यात रक्कम पडली की ती कुठून आली हे कळत नसे, म्हणूनच ती तिथे पडे. आमच्या खात्यात किती रक्कम आहे एवढंच नव्हे, तर ती केंद्रापासून किती अंतरावर, किती दाटीने पडली आहे हेही कळतं. कळत नाही ते एवढंच, की खातेदार कोण.

आधी गोफण घेऊ. जुन्नरकडे ज्वारी-बाजरीची कणसं भरली की मचाणावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवत. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आत ओढत असते. दोरीची लांबी तीच ठेवून दगड दुप्पट वेगाने फिरवायचा तर ओढ चौपट लागते. आता समजा रात्र आहे. राखणदार दिसत नाही, दोरी दिसत नाही, दगडाला मात्र दिवा बांधलाय. दिव्याचा वेग आणि वर्तुळाची त्रिज्या मोजली की हातात किती जोर आहे ते सांगता येतं. हात बघायची गरज नाही.

आकाशात दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण असतं. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक, एवढं केलं की त्या त्रिज्येच्या आत किती वस्तुमान आहे ते हातात येतं. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने, १५ कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरते. या दोन आकड्यांतून सूर्याचं वजन निघतं. सूर्याला तराजूत घालावं लागत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे कृष्णविवर आहे, त्याचं सुमारे ४० लाख सूर्यांचं वजनही याच जातकुळीच्या हिशोबातून आलं. एस२ नावाचा एक तारा तिथे साधारण १६ वर्षांत एक फेरी मारतो, आणि ती फेरी मात्र खगोलशास्त्रज्ञांनी अख्खी पाहिली आहे.

पण एका ग्रहावरून फक्त एकूण वजन कळतं. वजन कुठे आहे हे कळायला अनेक ग्रह लागतात. नेपच्यून आपल्यापेक्षा तीसपट लांब आहे. तीसचं वर्गमूळ साधारण साडेपाच, आणि नेपच्यूनचा वेग पृथ्वीच्या बरोबर साडेपाचाव्या हिश्शाएवढा: सेकंदाला ५.४ किलोमीटर. बुधापासून नेपच्यूनपर्यंत सगळे या वर्गमुळाच्या उतारावर बसतात. याचा अर्थ बुधाच्या आत जेवढं वजन आहे तेवढंच नेपच्यूनच्याही आत आहे. वाटेत कुणी काही भरच घातलेली नाही. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी जमा झाली आणि त्यानंतर पासबुकात नोंद नाही.

पासबुकाची उपमा मी मुद्दाम घेतली, कारण आम्ही दीर्घिकेचं अक्षरशः पासबुक लिहितो. वेगवेगळ्या त्रिज्यांवर फिरणारा वायू शोधायचा, प्रत्येकाचा वेग मोजायचा, आणि सूत्राने त्या त्रिज्येपर्यंतची शिल्लक काढायची. दोन लागोपाठच्या शिल्लकींतला फरक म्हणजे मधल्या कड्यात जमा झालेलं वस्तुमान. वेग आणि त्रिज्या यांच्या या आलेखाला रोटेशन कर्व्ह म्हणतात. मराठीत परिवलन वक्र म्हणता येईल, पण आमच्या कॅन्टीनमध्ये तसं कुणी म्हणत नाही.

वक्राचा आकार वाचायला फार गणित लागत नाही. जात्याची तळी आठवा: मध्याजवळचा ठिपका सावकाश फिरतो, कडेचा भरभर, त्रिज्येच्या प्रमाणात. दीर्घिकेचा आतला भाग असा फिरत असेल तर तिथे द्रव्य सगळीकडे सारख्या दाटीने भरलंय. वेग केंद्रापाशीच एकदम उसळत असेल तर मध्यावर जड गाठोडं आहे. बाहेर वेग ग्रहांसारखा उतरत असेल तर द्रव्य संपलं. आणि वेग सपाट राहत असेल, म्हणजे सणस मैदानाच्या ट्रॅकवर आतल्या आणि बाहेरच्या लेनमधले धावपटू एकाच वेगाने धावावेत तसं? बाहेरचे मागे पडतात, कारण त्यांचं वर्तुळ मोठं. पण वेग तोच. अशा वेळी सूत्रात वेग स्थिर, वाढते ती फक्त त्रिज्या. म्हणून शिल्लक त्रिज्येच्या प्रमाणात वाढत जाते. प्रत्येक पुढच्या टप्प्यावर तेवढीच भर. दाटी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जाते, पण बेरीज थांबत नाही.

इथे एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर एखादा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी मला पकडेल. "आतलंच वस्तुमान मोजायचं, बाहेरचं सोडून द्यायचं" हा न्यूटनचा नियम चेंडूसारख्या गोल मांडणीला लागू होतो. दीर्घिकेचे तारे चपट्या तबकडीत असतात आणि तबकडीच्या बाहेरच्या कड्यांची ओढही आतल्या वायूला जाणवते. म्हणून तबकडीचा वाटा आम्ही वेगळा, आकडेमोडीने काढतो. फरक फार मोठा नसतो, पण दुर्लक्ष करण्याएवढा लहानही नसतो.

आता तुमचा पहिला प्रश्न: न दिसणारा वेग मोजतात कसा? दीर्घिका सरकताना दिसत नाही, पण तिच्या प्रकाशाचा सूर बदललेला कळतो. रेल्वे फाटकात उभं राहिलं की येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि जाणाऱ्या गाडीची उतरी. प्रकाशाचंही तसंच. दीर्घिका आपल्याकडे तिरपी कललेली असेल तर तिची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. वर्णपटातली रेघ मग एका बाजूला निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूला तांबड्याकडे सरकते, आणि मधली सगळी रेघ तिरकी होते. खगोलशास्त्रज्ञ वेस्टो स्लायफर यांनी अशी तिरकी रेघ १९१४ साली पाहिली, तेव्हा या धूसर ठिपक्यांना स्वतंत्र दीर्घिका म्हणायचं की नाही हेसुद्धा ठरलं नव्हतं. देवयानी दीर्घिकेत तर आणखी गंमत आहे. ती अख्खीच सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय. त्यामुळे तिचं एक टोक ५०० च्या पुढच्या वेगाने जवळ येताना दिसतं आणि दुसरं १०० हून कमी वेगाने, पण तेही जवळच. ३०० वजा केले की फिरणं उरतं.

ताऱ्यांचा प्रकाश मात्र लवकर संपतो. आमची खरी मदार हायड्रोजन वायूवर, कारण तो ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे पसरलेला असतो. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनची गिरकी उलटली की १४२०.४ मेगाहर्ट्‌झची, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. एकटा अणू सोडून दिला तर ही गिरकी उलटायला त्याला सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात. पण अणूच इतके आहेत की संदेश सतत येत राहतो. व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केलं आणि १९५१ साली ती लहर सापडली. सेकंदाला २०० किलोमीटरच्या वेगाने ही वारंवारता १ मेगाहर्ट्‌झपेक्षा जराशी कमीच सरकते. रेडिओच्या भाषेत ते भरपूर झालं. आम्ही त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढा फरकही सहज वेगळा करतो.

नारायणगावच्या पुढे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे हे पुणेकराला सांगायला नको. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या चौकात दाटीने आणि उरलेल्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडी आकाशाचा थोडा थोडा तपशील सांगते. आजूबाजूला टोमॅटो, कांदा आणि ऊस. रात्रपाळीला उसाच्या कडेने चालत जायचं नाही, कारण बिबट्याला खगोलशास्त्रात रस नाही.

ही आकडेवारी गणेशखिंडीतल्या कार्यालयात पडद्यावर कशी दिसते ते जवळून सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आम्ही दीर्घिकेचा एक फोटो काढत नाही. वारंवारतेच्या प्रत्येक पट्टीचा एक, असे पन्नास-शंभर फोटो काढतो. एका पट्टीत साधारण ७ किलोमीटर वेगाचा टप्पा. पहिल्या काही फोटोंत काहीच नाही, नुसती खरखर. मग डाव्या टोकाला एक उजळ ठिपका येतो: हा आपल्याकडे सर्वांत वेगाने येणारा वायू. पुढच्या फोटोत तो ठिपका फाकतो आणि आडव्या व्ही अक्षरासारखा होतो. पंख फाकत फाकत मध्यावर येतात, तिथे क्षणभर उभी रेघ होते, आणि मग सगळं उलट क्रमाने उजव्या टोकाला मिटतं. फोटो भराभर उलटले की एखादं फुलपाखरू एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला उडून गेल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणालात कुणी दीर्घिका फिरताना पाहिली नाही. काका, मला विचाराल तर मी पाहिली आहे.

समान वेगाच्या जागा रेघेने जोडल्या की सह्याद्रीच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारखं चित्र होतं. जात्यासारखं फिरणं असेल तर या रेषा एकमेकींना समांतर येतात. वेग बाहेर उतरत असेल तर रेषा दोन्ही टोकांना बंद वळसे घेतात, डोंगरमाथ्याभोवती घेतात तशा. आणि वेग सपाट असेल तर त्या उघड्याच राहतात, केंद्रापासून पंख्यासारख्या बाहेर जातात आणि वायू संपतो तिथेच संपतात. मोठ्या सर्पिल दीर्घिकांच्या नकाशात बहुतेक वेळा उघड्या रेषाच सापडतात. कोणतंही सूत्र न वापरता, नुसत्या नजरेने, द्रव्य अजून संपलेलं नाही हे दिसतं.

चुका इथे भरपूर होतात, आणि मीही केल्या. माझ्या सुरुवातीच्या एका दीर्घिकेत जवळ येणारी बाजू सेकंदाला २० किलोमीटर जास्त वेगाने फिरत होती आणि लांब जाणारी तेवढ्याने कमी. दीर्घिका लंगडी आहे असा निष्कर्ष मी उत्साहाने लिहूनही काढला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पान बाजूला सारलं आणि विचारलं, "केंद्राचा वेग किती धरलास?" मी अख्ख्या दीर्घिकेचा वेग एका जुन्या तक्त्यातून उचलला होता आणि तो २० ने चुकीचा होता. तो दुरुस्त केला की दोन्ही बाजू एकमेकींवर चपखल बसल्या. दोन महिने गेले, लंगडी दीर्घिकाही गेली.

कल हा त्याहून मोठा शत्रू. आपल्याला दिसतो तो वेगाचा फक्त आपल्या दिशेचा हिस्सा. खऱ्या वेगासाठी कलाच्या ज्या-मूल्याने (साइनने) भागावं लागतं. कल ४५ अंश असताना ४० धरला तर वेग १० टक्के चुकतो, आणि वस्तुमानात वेगाचा वर्ग येत असल्याने वस्तुमान २० टक्क्यांच्या वर चुकतं. अगदी समोरून दिसणाऱ्या, थाळीसारख्या गोल दीर्घिका फोटोला सुंदर असतात. आमच्या कामाला जवळपास निरुपयोगी.

आता सस्पेन्स खातं उघडलं कधी ते बघू. या गोष्टीत व्हेरा रुबिन यांचं नाव सगळे घेतात, आणि घ्यावंच. केंट फोर्ड यांच्या वर्णपटमापकाने त्यांनी १९७० साली देवयानीतल्या ६७ वायुमेघांचे वेग मोजले, आणि १९८० साली २१ दीर्घिकांचे सपाट वक्र छापले. त्या वक्रांनी लोकांना जागं केलं. पण मी शिकवताना एक गोष्ट सांगतो, आणि ती काहींना खटकते: नुसता सपाट वक्र हा कृष्णद्रव्याचा, म्हणजे तुमच्या डार्क मॅटरचा, पुरावा नाही. तबकडीचा स्वतःचा वक्रही तिच्या तेजस्वी भागात बऱ्यापैकी सपाटच असतो. १९८० च्या दशकातच काहींनी दाखवून दिलं की दृश्य प्रकाशात मोजलेले बरेचसे वक्र ताऱ्यांच्या वस्तुमानावरच भागवता येतात. निर्णय लागला तो प्रकाश संपल्यानंतरच्या वक्रावर, आणि तो रेडिओने मोजला. केन फ्रीमन यांनी १९७० सालीच वायूचा वक्र बघून न दिसणाऱ्या द्रव्याची शंका नोंदवली होती. अल्बर्ट बॉस्मा यांच्या १९७८ च्या प्रबंधात २५ दीर्घिकांचे वायूचे वक्र ताऱ्यांच्या पलीकडे सपाट जाताना दिसतात. रेडिओवाला आहे म्हणून आपल्या घरची बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे.

एक खरं पासबुक उघडू. सप्तर्षीच्या तारकासमूहात एनजीसी ३१९८ नावाची सर्पिल दीर्घिका आहे. तिच्यावर १९८५ साली व्हॅन अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी जो हिशोब मांडला, तो आमच्या धंद्यात अजून नमुना म्हणून दाखवतात. तबकडीचं तेज बाहेर जाताना कसं उतरतं ते तुम्हाला लगेच कळेल: घटत्या शिल्लकीवरचा घसारा. एक ठरावीक अंतर, या दीर्घिकेत २.७ किलोपार्सेक, पुढे गेलं की तेज ३७ टक्क्यांवर. पुन्हा तेवढंच गेलं की उरलेल्याच्या ३७ टक्क्यांवर. एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३२६० प्रकाशवर्षं. वायूचा वक्र मात्र ३० किलोपार्सेकपर्यंत, म्हणजे अशी ११ अंतरं ओलांडून, सेकंदाला १५० किलोमीटरवर सपाट चाललाय.

शिल्लक काढा. १० किलोपार्सेकपर्यंत सुमारे ५,२०० कोटी सूर्यांइतकं वस्तुमान. २० पर्यंत १०,५००. ३० पर्यंत १५,७००. आता प्रकाशाचं पासबुक शेजारी ठेवा: पहिल्या १० किलोपार्सेकमध्येच तबकडीचा ८८ टक्के प्रकाश येऊन गेला. पुढच्या २० मध्ये उरलेला १२ टक्के प्रकाश आहे आणि दोन तृतीयांश वस्तुमान. ताऱ्यांना जास्तीत जास्त जेवढं वजन देता येईल तेवढं दिलं, इतकं की आतला वक्र एकट्या ताऱ्यांनीच उचलून धरावा, तरी त्यांचं सगळं मिळून ३,२०० कोटींच्या आसपास भरतं. तेवढ्यावर ३० किलोपार्सेकवरचा वायू सेकंदाला ७० किलोमीटरने फिरला असता. फिरतोय १५० ने. न दिसणारं द्रव्य दिसणाऱ्याच्या किमान तीन-चार पट.

यात एक मेख होती. व्हॅन अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकेचं आपल्यापासूनचं अंतर सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षं धरलं होतं; पुढे सेफीड नावाच्या, ठरावीक तालात तेज बदलणाऱ्या ताऱ्यांवरून ते साडेचार कोटींच्या आसपास निघालं. अंतर दीडपट झालं की त्रिज्या दीडपट आणि वस्तुमानही दीडपट. म्हणजे वरचे सगळे आकडे फुगतील. पण वेग या अंतरावर अवलंबून नाही, आणि वक्र घसाऱ्याच्या ११ अंतरांपर्यंत सपाट आहे हेही त्यावर अवलंबून नाही. रुपयाचा भाव बदलला तरी नोंदींचं आपसातलं प्रमाण तेच राहावं, तसं.

तुमच्या शंकेची खरी धार लागते ती आतल्या भागात, आणि तिथे मी हात वर करतो. ताऱ्यांच्या एकक प्रकाशामागे किती वस्तुमान धरायचं हे नेमकं ठरत नाही. जास्त धरलं तर आत कृष्णद्रव्य जवळपास नको. निम्मं धरलं तर आतही बरंच हवं. दोन्ही बेरजा त्याच वक्रावर बसतात! एकूण शिल्लक पक्की, पण ती दोन खात्यांत कशी वाटायची हे एकट्या फिरण्यावरून ठरत नाही. अवरक्त प्रकाशात बघितलं की ही अनिश्चितता घटते, कारण तिथे मोजक्या तरुण, भडक ताऱ्यांचा गोंगाट नसतो. पण ती संपत नाही. ज्या लेखात आतल्या कृष्णद्रव्याचा एकच ठाम आकडा असतो, तो मी दोनदा वाचतो.

म्हणूनच मला बटू दीर्घिका आवडतात. त्यांच्यात तारे इतके कमी की वाटणीचं भांडणच उरत नाही. जीएमआरटीवर पुण्यातल्या गटाने अशा अंधुक बटू दीर्घिकांची मोठी पाहणी केली आहे. त्यातली एनजीसी ३७४१ ही एक: दिसायला एक पुसट डाग, आणि तिची हायड्रोजनची तबकडी त्या डागाच्या दिसणाऱ्या कडेच्या आठपट लांब पसरलेली. एनजीसी ३१९८ चा वक्र घसाऱ्याच्या ११ अंतरांपर्यंत गेला होता. हिचा ३८ पर्यंत गेला. बटू दीर्घिकांनी दुसरीही एक पंचाईत करून ठेवली. संगणकात कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने गोळा होऊ दिलं की मध्यावर त्याची दाटी टोकदार वाढते. प्रत्यक्षात बऱ्याच बटू दीर्घिकांचा आतला वक्र जात्यासारखा सावकाश चढतो, म्हणजे मध्यावर दाटी सपाट. ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू आत-बाहेर ढवळला जाऊन टोक बोथट झालं असावं, हे उत्तर मला बरंचसं पटतं. सगळ्यांना नाही.

आता सरळ विचारा: द्रव्य नसेलच, न्यूटनचा नियमच लांबवर वेगळा असेल तर? मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली हेच सुचवलं. ओढ एका अतिसूक्ष्म मर्यादेखाली गेली की नियम बदलतो, आणि त्यासाठी लागतो फक्त एक स्थिरांक. चेष्टा करू नका. एका स्थिरांकावर कितीतरी दीर्घिकांचे वक्र तो बसवतो, तेही नुसता तारे-वायूचा नकाशा देऊन. आमच्यातले काही या कल्पनेला हसून उडवतात. वक्र हाताने बसवलेला माणूस सहसा हसत नाही. पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत या नियमालाही न दिसणारं द्रव्य लागतंच. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ साली पहिली तफावत सापडली तीही अशाच एका, कोमा नावाच्या समूहात. शिवाय दुसऱ्या शाखांचे ताळेबंद आहेत. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानाने वाकतो, त्यावरूनही हीच तफावत निघते. विश्वाच्या आरंभीच्या प्रारणातल्या बारीक चढउतारांवरून, एकही फिरणारी दीर्घिका न बघता, कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या पाच-सव्वापाच पट निघतं. वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळ्या वह्यांतून काढलेली तूट एकाच सुमाराची निघाली, तर तुम्ही ती बेरजेची चूक म्हणणार नाही. खातेदार मात्र अजून समोर आलेला नाही. विझलेले तारे, सुटे ग्रह अशी गिऱ्हाइकं १९९० च्या दशकात शोधून झाली. ती पुरेशी नाहीत.

आपल्या स्वतःच्या आकाशगंगेचं पासबुक सगळ्यांत गचाळ आहे. आपण तिच्या आतच आहोत ना. वाड्याच्या मधल्या खोलीत बसून वाड्याचा नकाशा काढण्यासारखं काम. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने फिरतो एवढं नक्की. ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींवरून २०२३ साली काही गटांनी म्हटलं की बाहेरच्या कडेला वेग उतरू लागलाय, तर एकूण वस्तुमान समजत होतो त्याहून बरंच कमी असेल. त्यावर जोरदार वाद चालू आहे आणि मी अजून कुठल्याच बाजूला सही केलेली नाही.

वहीत लिहून ठेवायला सूत्र देतो. वेग किलोमीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, किलोपार्सेकमधल्या त्रिज्येने गुणा, आणि आलेल्या उत्तराला २ लाख ३३ हजारांनी गुणा. उत्तर सूर्यांमध्ये येईल. सूर्यासाठी २३० आणि ८ घातले की सुमारे ९,९०० कोटी. आता एनजीसी ३७४१ साठी ५० आणि ७ घालून बघा. ४०० कोटींच्या आसपास यायला हवं. त्यात तारे आणि वायू मिळून ३० कोटीही भरत नाहीत. कॅल्क्युलेटर लागेल असं म्हणणार होतो, पण तुम्ही हे तोंडीच कराल.